जावळाची फीत

"बाई, आज साबण लावलाय?" सुभेदारांनी कुजबुजत विचारलं.

"लावलाय."

"उद्यापासनं लावू नका. लांडगा कानानं येतो, पण नाकानं ठरवतो."

माझ्या शेजारी सुंदरा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाईंच्या साबणाचा वास मला तर गोड लागतो. त्याला लागला तर उलट यील की."

"गप गं," सुभेदार म्हणाले.

आम्ही तिघं तरवडाच्या झुडपामागे खणलेल्या खड्ड्यात बसलो होतो. खड्ड्याभोवती बोरीच्या काटेरी फांद्या रचलेल्या होत्या. पुढे सगळा उघडा माळ, मधूनमधून हिवराची आणि बाभळीची खुरटी झाडं. त्यातल्या एका हिवराच्या बुडाशी देवळातला कर्णा ठेवला होता. कर्ण्यापासून निघालेली वायर गवतातून आमच्या खड्ड्यात आली होती आणि माझ्या मांडीवर शाळेचा टेपरेकॉर्डर होता. सूर्य टेकाडाला टेकला होता. वारा माळावरून आमच्या तोंडावर येत होता, म्हणजे सुभेदारांच्या मनासारखा.

त्यांनी बंदूक फांदीच्या बेचक्यात टेकवली आणि मान हलवली. "लावा."

मी बटण दाबलं. कर्ण्यातून धुळा रडायला लागला.

धुळा हा सुंदराचा मुलगा. महिन्याभरापूर्वी लांडग्याने त्याला वाड्याच्या कुपापाशी, काटेरी कुंपणाजवळ, उचललं होतं. वाडा म्हणजे आमच्याकडे मेंढरांचा. शोधून शोधून धुळाची कुंची तेवढी सापडली, बाभळीच्या काट्याला अडकलेली. माझ्या नोकरीचं ते पहिलंच वर्ष होतं. कोळेकरांची वस्ती, तिथली एका खोलीची शाळा, आणि शाळेमागच्या पडवीत मी. वस्तीवरचे तरणे पुरुष मेंढरं घेऊन पाऊसपाण्याच्या मुलखात चरायला गेले होते. मागे म्हातारे, बायका, लेकरं आणि थोडी लेकुरवाळी मेंढरं. लांडग्याला हे कळलं असावं.

मारायची सरकारी परवानगी आली तसे शेजारच्या गावाहून पुकळे सुभेदार आले. पलटणीतून निवृत्त झालेला, हाडापेराचा माणूस. त्यांच्याकडे बोकडाच्या शिंगाची एक पिपाणी होती. ती तोंडात धरून ते असं काही फुंकायचे, की काट्यात अडकलेलं करडूच ओरडतंय असं वाटावं. त्या आवाजाला कोल्हे आले, खोकडं आली. सुभेदारांनी तीही सोडली नाहीत. वस्तीच्या वाटेवरच्या बाभळीला त्यांनी ती शेपटांनी टांगली. शाळेत येताना मुलं त्याखालून यायची आणि मला विचारायची, "बाई, कोल्ह्यानं काय केलं व्हतं?"

लांडगा मात्र आला नाही.

"त्याला आता करडू नको," सुभेदार एका दुपारी शाळेच्या ओट्यावर बसून म्हणाले. "माणसाच्या लेकराचा आवाज पायजे. एखादं तान्हं द्या. खड्ड्यात माझ्याजवळच राहील. चिमटा काढला की झालं."

ओट्याखाली बायका उभ्या होत्या. एकीनेही आपल्या पोराला पुढे केलं नाही. वस्तीची अशी समजूत होती, की ज्या लेकराच्या आवाजानं लांडग्याला बोलवावं, त्या लेकराला तो ओळखून ठेवतो, आणि वर्ष लागो, दोन लागोत, त्यालाच न्यायला येतो. सुभेदार चिडले, बायका हलल्या नाहीत.

तेव्हा आबा बोलले. आबा म्हणजे सुंदराचे सासरे आणि वस्तीचे कारभारी. "नेलेल्या पोराला आणखी कोण नेतंय? बाई, धुळाचं रडणं तुमच्या फितीत हाय नव्हं?"

ते होतं. चैतात बिरोबाच्या देवळात धुळाचं जावळ काढलं, तेव्हा ओव्या आणि ढोल भरून घ्यावेत म्हणून मी टेपरेकॉर्डर नेला होता. मामाच्या मांडीवर बसवून न्हाव्याने डोक्याला पाणी लावलं आणि धुळाने जे भोकाड पसरलं, ते सगळं फितीवर आलं होतं. मागे बायकांचं हसणं आणि शेवटी सुंदराचा आवाज.

"एक मात्र," आबा म्हणाले. "गेलेल्या लेकराचा आवाज असा मागं ठेवू नये. त्याचा पाय निघत नाही. लांडगा मेला की ती फीत त्याच्यासंगं पुरायची. तवर ती देवळात राहील, बिरोबाच्या पायाशी. तिनिसांजेला बाईंनी न्यायची, माघारी आली की मी ठेवून घीन. एरवी कुणी लावायची नाही. ऐकलं का सुंदरा?"

सुंदराने मान हलवली.

मग दुसरी अडचण निघाली. टेपरेकॉर्डर चालवता येणारी वस्तीवर मी एकटी, आणि मी बिनलग्नाची. "सुभेदारासंगं तुम्ही एकट्या झुडपात बसलात, तर उद्या तुमच्या शाळेत पोरगी कोण धाडंल?" आबा म्हणाले. "एक बाईमाणूस सोबत पायजे."

"मी बसते," सुंदरा म्हणाली.

तिची धाकटी जाऊ कौसा तिच्याकडे बघतच राहिली. "अक्का, तुला ऐकवंल का गं?"

"ऐकवंल."

कौसाच्या पदराला धरून तिची पारू उभी होती. पाच वर्षांची, माझ्या बालवर्गातली. तिला अंक येत नव्हते, पण वाड्यातल्या एकेका कोकराचं नाव येत होतं. मी तिला नावांवरूनच मोजायला शिकवत होते, आणि तिची ती मोजणी एकदा दुसऱ्या फितीवर भरूनही घेतली होती. ती म्हणाली, "काकू, मी येऊ?"

कौसाने तिच्या पाठीत धपाटा घातला. "लांडग्याला ताट वाढून ठेव, जा."

त्या पहिल्या संध्याकाळी खड्ड्यात बसून धुळाचं रडणं मी पुनःपुन्हा लावलं. रडणं संपून बायकांचं बोलणं सुरू व्हायच्या आत बटण दाबायचं, फीत मागे घ्यायची आणि पुन्हा लावायची. माणसाचा शब्द कानावर पडला तर लांडगा फिरकणार नाही, असं सुभेदारांनी बजावलं होतं.

अंधारून येता येता तो दिसला. टेकाडाच्या कडेवर एक राखी ठिपका, मग चार पाय, मग ताठ झालेले कान. तो खाली उतरला. सरळ आला नाही. कर्ण्यावरून येणारा वारा जिथे पोचतो तिथे जाण्यासाठी वळसा घेत, आमच्या बाजूला सरकत आला. सुभेदारांचं बोट घोड्यावर होतं. पण उजेड गेला, आणि राखी रंग माळात मिसळून गेला.

"उद्या," सुभेदार म्हणाले. "उद्या अर्धा तास आधी लावू. उद्या गेला तो." मग मला म्हणाले, "वस्तीवरची सगळी कुत्री बांधून ठेवायला सांगा. रातंदिस. धनगरी कुत्र्याचा वास आला की तो ओळखतो, इथं माणूस दडलाय."

परतताना सुंदरा माझ्या मागून चालत होती. ती म्हणाली, "बाई, पुढचं का नाही लावलं?"

"पुढचं कुठलं?"

"त्याच्या रडण्याच्या पुढचं. मी त्याला उगी करते ते."

"सुभेदार नको म्हणतात ना."

"व्हय, ते खरं."

देवळापाशी आबा उभेच होते. त्यांनी हात पुढे केला. मी फीत काढून दिली. सुंदरा त्यांच्या हाताकडे बघत राहिली, ते आत जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच सांगितलं, की कर्णा वाहायचं काम तिचं. तो जड होता, आणि सुभेदारांचा खांदा दुखत होता, त्यामुळे कुणी नको म्हटलं नाही. एका जुन्या पोत्यात गुंडाळून ती तो डोक्यावरून आणायची. हिवराच्या बुडाशी पोतं अंथरायची, वर कर्णा ठेवायची, आणि खड्ड्यात येऊन बसायची.

त्या संध्याकाळी लांडगा आला, त्याने वळसा घेतला, वाऱ्यात नाक वर केलं, आणि ठिणगी उडावी तसा मागे फिरला.

"साबणाचा वास राहिलाय अजून!" सुभेदार दातओठ खात म्हणाले.

साबण मी सोडलाच होता. आता बेसनाने अंग घासलं. लांडगा आला, नाक वर केलं, फिरला. सुभेदार म्हणाले, तुमच्या बांगड्या वाजतात. मी बांगड्या काढून ठेवल्या. लांडगा आला, फिरला. मग त्यांना वाटलं बटणाचा खट्ट आवाज कर्ण्यातून जातो. मी बटणावर फडकं धरून दाबायला लागले.

"आता काय बाईंना श्वासबी घेऊ देणार नाही तुम्ही," सुंदरा म्हणाली.

"तू हसतीस, पण त्याच्या पोटात तुझंच पोर गेलंय," सुभेदार म्हणाले.

फीत सुरू झाली की सुंदरा डोळे मिटायची आणि स्वतःच्याच गुडघ्यावर थोपटायला लागायची, हलक्या हाताने, रडण्याच्या ठेक्यात. पहिल्यांदा मला ते बघवलं नाही. पुढे सवय झाली. बटणं कुठली काय करतात हे तिने विचारून घेतलं. माझे हात भरून आले की फीत ती मागे घ्यायची, आणि नेमकी जिथे धुळा पहिला हुंदका देतो तिथे थांबवायची. मलाही तसं जमत नव्हतं.

असे दिवस गेले. सुभेदारांची दाढी वाढली. आबा रोज देवळापाशी हात पुढे करायचे. वस्तीवर कुत्री साखळीला ओढ देऊन घसा बसेपर्यंत भुंकायची.

ज्या सकाळी ते घडलं, तेव्हा मी मुलांची हजेरी घेत होते. पारू आली नव्हती. वाड्याकडून कौसाची किंकाळी आली. कुपाबाहेर गेलेलं एक कोकरू आणायला पारू ओढ्याच्या बाजूला गेली होती. नाव घेऊन हाका मारत होती, कौसाला त्या ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या.

कुत्री बांधलेली होती.

म्हातारे काठ्या घेऊन धावले. लांडग्याने तिला ओढ्यात फार लांब नेलं नव्हतं. आबांनी तिला आपल्या घोंगड्यात गुंडाळून आणलं आणि कौसाला घोंगडं उघडू दिलं नाही. ती त्यांच्या हातांना चावली, तरी उघडू दिलं नाही. दुपारच्या आत मातीआड केली.

सुभेदार ओट्यावर मान खाली घालून बसले होते. त्यांनी आबांना विचारलं, "आज लावायचं का?"

"लावा," आबा म्हणाले.

ऊन उतरताना आम्ही माळाकडे निघालो. सुभेदार पुढे गेले होते. सुंदराच्या डोक्यावर कर्णा होता, नुसता. त्याची पत्र्याची कड तिच्या कपाळात रुतली होती.

"पोतं राहिलं का गं?" मी विचारलं. "टोचेल."

"पोतं जाळलं."

"का?"

"हौशाचं होतं."

हौशा म्हणजे त्यांच्या वाड्यावरचं कुत्रं. मी चालता चालता थांबले.

"त्याच्यावर निजायचा तो," ती म्हणाली. "वास मुरला होता त्यात."

"सुंदरा. कधीपासून?"

"दुसऱ्या दिसापासनं."

"म्हणजे तो येऊन माघारी जायचा, तो..."

"व्हय."

ती माझ्याकडे बघत नव्हती. एका हाताने तिने कर्णा धरला होता, दुसऱ्या हाताची मूठ पदरात होती. "पहिल्या दिशी सुभेदार म्हणालं, उद्या गेला तो. उद्या गेला म्हंजे फीत गेली. म्या म्हणलं, आणिक एक दिस ऐकू. निस्ता एकच. रोज तेच म्हणायची." मग म्हणाली, "कौसाला सांगायचं तर सांगा. म्या कुठं पळत नाही. पण आधी त्याला येऊ द्या."

सुभेदारांनी मागे वळून हात केला. "चला की! उजेड जाईल."

आम्ही खड्ड्यात बसलो. तिने डोळे मिटले नाहीत. मी बटण दाबलं, धुळा रडायला लागला.

लांडगा लवकर आला. उजेड चांगला होता. त्याने तोच वळसा घेतला, त्याच जागी थांबला, नाक वर केलं. या वेळी वाऱ्यात काही नव्हतं. तो पुढे आला. कर्ण्याजवळ येऊन त्याने मान तिरकी केली, आणि आत कुणी आहे का बघावं तसं तोंड कर्ण्याच्या आत घातलं. तेव्हा मला दिसलं, की ती मादी होती. तिची आचळं भरून लोंबत होती.

सुभेदारांनी बार काढला.

गोळी कमरेत बसली. ती पडली, उठली, आणि मागचे पाय ओढत पुढच्या पायांवर सरपटायला लागली. तोंडातून आवाज नाही. कर्ण्यात धुळाचं रडणं संपत आलं होतं. माझं बोट सवयीने बटणाकडे गेलं. सुंदराने माझ्या हातावर हात ठेवला, दाबून ठेवला. फीत पुढे गेली. बायका हसल्या, कुणीतरी म्हणालं, "डोकं धरा की मामा," आणि मग सगळ्या माळावर सुंदराचा आवाज आला:

"झालं, माझ्या राजा, झालं. आता नाही कोण हात लावत. झालं बघ."

लांडगीण त्या आवाजापासून दूर सरपटत होती.

"दुसरी गोळी घाला," मी म्हणाले.

"कशाला?" सुभेदार म्हणाले. "त्या येतायत."

बार ऐकून वस्तीवरच्या बायका धावत आल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे कौसा, हातात कूप ठोकायची पहार. तिने पहिला घाव घातला तो चुकला. नंतरचे चुकले नाहीत. बाकीच्या धोंडे घेऊन उभ्या होत्या, पण तिने कुणाला मारू दिलं नाही. कर्ण्यातून आता ढोल वाजत होते. जावळाच्या ओव्या सुरू झाल्या होत्या. फीत संपेपर्यंत त्या चालू राहिल्या, आणि कौसाही.

सुभेदारांनी पायाने आचळं दाबून बघितली. दूध आलं. "पिल्लं असतील ओढ्याच्या बिळात," ते म्हणाले. "शोधायचं कारण नाही. आपसूक मरतील."

मागून आबा आणि म्हातारे आले. तिथेच खड्डा खणला. आम्ही बसायचो तोच मोठा केला. आबांनी माझ्याकडून फीत घेतली, गुडघ्यावर बसले, लांडगिणीचा जबडा काठीने उघडला आणि फीत तिच्या दातांमागे सारली. "ज्या तोंडानं नेलं त्या तोंडात," ते म्हणाले. सुंदरा खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिचा हात पोटाशी होता आणि बोटं हळूहळू थोपटत होती.

माती लोटायच्या आधी आबा माझ्याकडे वळले. "बाई, पारूचाबी आवाज भरला होता म्हणं तुम्ही शाळेत. तोबी आणा. दोघांचं एकदमच मिटवू."

कौसाने मान वर केली. तिचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. पारूचा आवाज अजून आहे, हे तिला आत्ताच कळत होतं.

मी तोंड उघडलं. माझ्या आधी सुंदरा बोलली.

"नाही आबा. तिचं भरायचं राहिलं. यंत्र बघून लाजली ती, बोललीच नाही. म्या विचारलं होतं बाईंना."

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"राहिलं," मी म्हणाले.

कौसाची मान पुन्हा खाली गेली. आबांनी मूठभर माती टाकली, मग सगळ्यांनी टाकली.

पुढच्या बाजारच्या दिवशी, आबा बाजाराला गेल्यावर, सुंदरा कौसाला घेऊन शाळेत आली. मुलं सुटून गेली होती. तिने दार ओढून घेतलं, कौसाला भिंतीशी बसवलं आणि मला म्हणाली, "बाई, कपाट उघडा."

मी फीत काढून दिली. बटण तिनेच दाबलं.

आधी माझा आवाज आला, "हं, सांग बघू, किती कोकरं?" मग पारू. काळी. कबरी. बांडी. मोरी. चांदी. मध्ये एकदा ती श्वास घ्यायला थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

कौसाने तोंडात पदर कोंबला. तिचा हात चाचपडत सुंदराच्या हातापर्यंत गेला आणि तिने तो घट्ट धरला.

माझी बदली होईपर्यंत त्या दोघी दर बाजारच्या दिवशी येत राहिल्या. नावं संपायची आणि कौसा दर वेळी तेच विचारायची.

"अक्का, तुला कसं गं कळलं, मला हेच पायजे म्हणून?"

सुंदरा फीत मागे घ्यायची, आणि नेमकी जिथे पारू तोंड उघडते तिथे थांबवायची.